घोड्याची तपासणी झाली, घरच्या मुलाची कधी?

माळेगावची यात्रा उलगून पंधरा-वीस दिवस झाले असतील. ओपीडी आटोपत आली होती. बायकोच्या मधुमेहाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला येणारे पूर्णा तालुक्यातले एक शेतकरी त्या दिवशी एकटेच आले. खुर्चीवर बसले आणि मोबाइल पुढे केला. "साहेब, एवढा रिपोर्ट बघा. टेस्टोस्टेरॉन कमी म्हणायचं का जास्त?"

आकडा होता मिलिलिटरला दीड नॅनोग्रॅम. निरोगी पुरुषाच्या मानाने निम्मासुद्धा नाही. मी विचारले, "मुलाचा का?"

"मुलाचा कशाला असंल? घोड्याचा हाय!"

मग सगळी हकीकत कळली. यात्रेत त्यांनी एक देखणा घोडा घेतला होता. लग्नसराईत वरातीला लावायचा बेत होता. विकणाऱ्याने 'खच्ची केलेला आहे, गरीब आहे' असे सांगून दिला. घरी आणल्यावर शेजारच्या वाडीतली घोडी दिसली की हा आवरेना. एका पोराला चावा घेतला. पशुवैद्यक डॉक्टरांनी तपासले. खाली दोन्ही अंड नव्हते, पण लक्षणे खच्ची घोड्याची नव्हती. त्यांनी रक्त घेऊन संप्रेरकांची तपासणी करवली. त्या आकड्याचा अर्थ सरळ होता. एक अंड पोटात राहिलेला आहे आणि तो काम करतो आहे.

मी त्यांना ते समजावून सांगितले. उठता उठता सहज विचारले, "सूनबाईंचं काय झालं?" चार वर्षांपूर्वी मुलाचे लग्न झाले तेव्हा ते पेढे घेऊन आले होते. चेहरा उतरला. "कुठं काय साहेब. नांदेड झालं, संभाजीनगर झालं. तिची फाइल बघा केवढी झाली." सोनोग्राफ्या, नळ्यांची तपासणी, थायरॉइड, दुर्बिणीतून केलेली तपासणी, सारे झाले होते. "आणि मुलाची तपासणी?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "त्याला काय धाड भरली? चांगला धडधाकट हाय की."

घोड्याचे रक्त तपासायला या माणसाने खर्च केला, गाडीभाडे दिले, आठवडाभर वाट पाहिली. मुलाची एक साधी तपासणी मात्र चार वर्षांत कोणाला सुचली नाही. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आमच्या ओपीडीत, मराठवाड्यातल्या कुठल्याही ओपीडीत, हेच चित्र दिसते. पण त्या घोड्याच्या अहवालात असे काही होते की जे प्रत्येक घराने समजून घ्यावे. म्हणून आज थोडे घोड्यांविषयी.

नराला एवढे महत्त्व का आले?

घोडा आपल्याकडे आता शेतीचा नाही, टांग्याचाही फारसा नाही. २०१९च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून जेमतेम ३ लाख ४० हजार भरली. २०१२च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक होती. संख्या निम्म्यावर येते तेव्हा चांगल्या नराची किंमत वाढते. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारात गेलात तर हे डोळ्यांना दिसते. तिथे सौदा होतो तो घोड्याच्या चालीवर, रंगावर, उंचीवर आणि भोवऱ्यांवर. त्याच्यापासून शिंगरे होतील का, हे मात्र बहुतेकदा विकणाऱ्याच्या शब्दावरच सोडलेले असते.

दुसरे कारण आपल्या जवळचे आहे. दख्खनच्या पठारावरची, भीमेच्या खोऱ्याचे नाव लावणारी भीमथडी ही घोड्यांची जात. मराठ्यांच्या घोडदळात हिचा मान होता, आणि आजही मेंढपाळ धनगरांचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन ती चालते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, स्पीती, झंस्कारी, भूतिया, मणिपुरी आणि कच्छी-सिंधी यांच्या रांगेतली ही देशातली आठवी जात. नोंद झाली म्हणजे जात वाचली असे नव्हे. ती वाचते चांगल्या वळू घोड्यांवर आणि घोड्यांवर होणाऱ्या संशोधनावर. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या कामात आहे. त्याच्या बिकानेरच्या आवारात मे २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरू जन्माला आले. एवढ्या पुढच्या तंत्रज्ञानालाही शेवटी लागते ते एका नराचे चांगले वीर्य.

परभणीकरांना हे परके वाटू नये. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यक महाविद्यालय आपल्याच शहरात आहे. माणसांचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर एकाच गावात काम करतात, पण एकमेकांकडून शिकण्याची सवय आम्हाला फारशी नाही.

मेंदू, मुकादम आणि कारखाना

संप्रेरक म्हणजे रक्तातून जाणारा निरोप. नराच्या बाबतीत निरोपाची साखळी माणसात आणि घोड्यात सारखीच आहे. मेंदूतला एक छोटा भाग मालकासारखा थांबून थांबून हुकूम सोडतो. त्याच्या खाली वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी आहे, ती मुकादम. मालकाचा हुकूम आला की मुकादम दोन निरोप खाली पाठवतो. त्यांची नावे एलएच आणि एफएसएच. खाली वृषणात दोन खाती आहेत. एलएच पोहोचला की एक खाते टेस्टोस्टेरॉन बनवते. एफएसएच आणि हेच टेस्टोस्टेरॉन मिळून दुसऱ्या खात्यात शुक्राणूंची निर्मिती चालवतात. माल भरपूर तयार झाला की त्याची खबर वर जाते आणि मुकादम हात आखडता घेतो. माल कमी पडला तर तो ओरडायला लागतो, म्हणजे रक्तात एफएसएच वाढतो.

टेस्टोस्टेरॉनचा रेणू माणसात, घोड्यात, बैलात अगदी एकच. एलएच आणि एफएसएच ही मात्र प्रथिने आहेत. ती प्रत्येक प्राण्यात थोडी वेगळी असतात. म्हणून माणसांच्या प्रयोगशाळेतल्या किटवर घोड्याचे एफएसएच मोजता येत नाही, त्यासाठी घोड्यासाठीच बनवलेली आणि पडताळून पाहिलेली पद्धत लागते. रक्तातले असे अतिसूक्ष्म पदार्थ मोजण्याची वाट रोझलिन यॅलो आणि सोलोमन बर्सन यांनी दाखवली. त्यासाठी यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. त्याआधी संप्रेरके मोजण्यासाठी उंदीर आणि कोंबड्यांवर प्रयोग करावे लागत.

आता त्या दीड नॅनोग्रॅमकडे येऊ. निरोगी तरुण पुरुषात हा आकडा साधारण ३ ते १० असतो. पण भरधाव, उमदा, खच्ची न केलेला घोडा घेतला तर त्याचे टेस्टोस्टेरॉन कित्येकदा एक-दोनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते. माणसाच्या मोजपट्टीने पाहिले तर पृथ्वीवरचे बरेचसे उमदे घोडे 'टेस्टोस्टेरॉन कमी' या गटात जातील! आणखी एक गंमत आहे. बर्नहार्ड झोंडेक या शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये दाखवून दिले की इस्ट्रोजेन हे ज्याला आपण 'बाईचे संप्रेरक' म्हणतो ते वळू घोड्याच्या मूत्रात प्रचंड प्रमाणात असते. घोड्याचे वृषणच ते बनवते. पुरुषार्थ म्हणजे एका संप्रेरकाचा मोठा आकडा, ही समजूत घोड्यापाशी येऊन कोलमडते.

घोड्यात ही तपासणी कशासाठी?

पहिला उपयोग तोच, जो आमच्या शेतकऱ्याला झाला. नर शिंगराचे अंड जन्माच्या सुमारास पोटातून खाली उतरतात. काहींत एक किंवा दोन्ही उतरत नाहीत. खच्ची करणाऱ्याने खाली दिसणारा एकच काढला आणि पोटातला तसाच राहिला, तर बाहेरून घोडा खच्ची दिसतो, वागतो मात्र वळूसारखा. वरातीत, बँडच्या आवाजात, लहान पोरांच्या गर्दीत असा घोडा धोक्याचा.

हे ओळखायला पशुवैद्यकांकडे तीन-चार वाटा आहेत. नुसते टेस्टोस्टेरॉन मोजावे तर ते कधी कधी मधल्या आकड्यात येते आणि निर्णय होत नाही. संप्रेरक झटक्याझटक्याने सुटते, दिवसाच्या वेळेनुसार बदलते, आणि घोडा ऋतूचा प्राणी असल्याने दिवस मोठे होऊ लागले की वाढते, हिवाळ्यात उतरते. म्हणून दुसरी वाट म्हणजे एचसीजीची चाचणी. आधी रक्त घ्यायचे, मग एचसीजीचे इंजेक्शन द्यायचे आणि साधारण तास-दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचे. एचसीजी हे एलएचचे सोंग घेते. पोटात कुठे अंड लपलेला असेल तर तो या हाकेला ओ देतो आणि टेस्टोस्टेरॉन चढते. तीन वर्षांवरच्या घोड्यात इस्ट्रोन सल्फेट हे इस्ट्रोजेनचे रूप मोजूनही उलगडा होतो. लहान शिंगरात मात्र त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

सर्वांत सुटसुटीत वाट एएमएचची. हे संप्रेरक वृषणातल्या आधार देणाऱ्या पेशी बनवतात. नीट खच्ची केलेल्या घोड्याच्या रक्तात काही दिवसांतच ते दिसेनासे होते. ते दिसले तर अंड आहे. एका नमुन्यात काम होते. हेच एएमएच स्त्रियांमध्ये बीजांडांचा साठा अजमावण्यासाठी मोजतात. आमच्या शेतकऱ्याच्या सुनेच्या जाडजूड फाइलमध्ये तिचे एएमएच दोनदा मोजलेले होते.

या तपासणीने जनावराचाही फायदा होतो. नीट खच्ची केलेले काही घोडेसुद्धा घोडी पाहून वळूसारखे वागतात. ती सवय असते, संप्रेरकाचा भाग नसतो. रक्त तपासले नाही तर अशा जनावराचे पोट उगाच फाडले जाईल.

एचसीजी येते कुठून, हेही सांगायला हवे. ते गर्भवती स्त्रीच्या वारेत तयार होते आणि तिच्या मूत्रातून वेगळे काढतात. याउलट गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन १९४२ पासून अमेरिकेत रजोनिवृत्तीचा त्रास असलेल्या स्त्रियांसाठी औषध म्हणून विकले गेले. माणूस आणि घोडा यांची ही देवाणघेवाण जुनी आहे.

दुसरा उपयोग आहे तो वळू घोड्यापासून घोड्या गाभण राहीनाशा झाल्या तर. मुकादम ओरडतो आहे, म्हणजे एफएसएच चढलेले आहे आणि वृषणातून येणारे इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन उतरले आहे, तर कारखान्यातच बिघाड आहे असे समजायचे.

पण कोणताही जाणता पशुवैद्यक फक्त रक्ताच्या आकड्यावरून घोडा वळू म्हणून पास करत नाही. तो अंडकोश चाचपतो, मोजतो. घोड्याचे वागणे बघतो. तासाच्या अंतराने दोनदा वीर्य काढून त्यातल्या शुक्राणूंची संख्या, चाल आणि आकार सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो. ताप येऊन गेला असेल तर काही आठवडे थांबून पुन्हा तपासतो, कारण घोड्यात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ५७ दिवस लागतात. आधी वीर्य, मग गरज पडली तर संप्रेरके, हा क्रम.

पोटातल्या अंडाने शिकवलेला धडा

आता त्या घोड्याच्या अहवालातली खरी गोष्ट. पोटात राहिलेला अंड टेस्टोस्टेरॉन बनवतो, शुक्राणू मात्र बनवत नाही. कारण उष्णता. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो, म्हणून तर निसर्गाने वृषणे बाहेर लोंबती ठेवली. टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींना ही उष्णता बऱ्यापैकी सोसते, शुक्राणूंच्या खात्याला ती सोसत नाही. त्यामुळे फक्त पोटात अंड असलेला घोडा मान उंचावतो, खिंकाळतो, घोडीवर चढतो, आणि त्याच्यापासून शिंगरू होत नाही.

म्हणजे मर्दानगी आणि जननक्षमता ही दोन वेगळी खाती आहेत. एक उत्तम चालू असताना दुसरे पूर्ण बंद असू शकते.

आपल्या भाषेनेही इथे घोळ घातला आहे. मूल न होणाऱ्या बाईला लागतो तो शब्द वांझ. पुरुषाला लागतो तो नामर्द, आणि ती तर शिवी. त्यामुळे 'मुलाची तपासणी करा' असे डॉक्टर म्हणतो तेव्हा घरच्यांना ऐकू येते ते 'तुमचा मुलगा नामर्द आहे का ते पाहू.' मग बाप म्हणणारच, त्याला काय धाड भरली! वीर्यात एकही शुक्राणू नसलेले, पण दाढी-मिशी, ताकद, वैवाहिक संबंध सगळे उत्तम असलेले कितीतरी पुरुष असतात. त्यांना स्वतःला कधी शंका येत नाही, कारण शंका यावी असे शरीरात काही घडतच नाही. तपासल्याशिवाय कळणार कसे?

मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण सापडते. कधी एकटे, कधी स्त्रीकडच्या कारणासोबत. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये जाहीर केले की जगात दर सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये संघटनेने वंध्यत्वावर आपली पहिली जागतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात ४० शिफारशी आहेत. हा प्रश्न हौशी लोकांचा किंवा श्रीमंतांचा नाही, सार्वजनिक आरोग्याचा आहे, हे त्यातून मान्य झाले. मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग यांना सरकारी रुग्णालयात जशी वाट आहे, तशी या जोडप्यांना अजून नाही. ती नाही म्हणून ही माणसे उसनवारी करून शहर पालथे घालतात, अंगारे-धुपारे करतात, आणि शेवटी काही घरांत मुलाचे दुसरे लग्न ठरते. दुसरीलाही मूल होत नाही तेव्हा कुठे कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडतो. तोवर पहिली माहेरी जाऊन बसलेली असते.

पुरुषाने काय तपासावे आणि काय नाही

वर्षभर नियमित संबंध असूनही दिवस राहिले नाहीत, किंवा पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल आणि सहा महिने झाले असतील, तर दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू व्हावी. पुरुषाची पहिली तपासणी वीर्याची. दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यायचा. सुई नाही, भूल नाही, कापाकापी नाही. सूक्ष्मदर्शक आणि शिकलेला तंत्रज्ञ एवढे पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेनुसार मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि त्यांपैकी ४२ टक्के हलणारे ही खालची मर्यादा धरतात. त्याखाली आकडा आला म्हणजे बाप होता येणार नाही असे नव्हे, आणि वर आला म्हणजे शंभर टक्के हमीही नव्हे. पहिला अहवाल बिघडलेला आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करतात. घोड्याप्रमाणेच माणसालाही शुक्राणूंची एक पाळी तयार करायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे मध्ये डेंगी किंवा टायफॉइडचा ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

संप्रेरकांची पाळी यानंतर. शुक्राणू फार कमी असतील किंवा नसतीलच, तर एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन बघतात. एफएसएच खूप वाढलेले, म्हणजे कारखान्यातला बिघाड. ते ठीक आहे, वृषणेही आकाराने चांगली आहेत आणि तरी शुक्राणू नाहीत, तर माल तयार होतो आहे, वाटेत अडथळा आहे. एफएसएच आणि एलएच दोन्ही अगदी कमी, म्हणजे मुकादमच झोपलेला. हा प्रकार क्वचित आढळतो, पण इंजेक्शनांनी सुधारण्याची चांगली शक्यता असलेला हाच. तो शोधण्यासाठी तरी तपासणी हवी.

उलट, 'पुरुषांचे संपूर्ण पॅकेज' म्हणून जाहिरात करून निरोगी तरुणांचे टेस्टोस्टेरॉन मोजण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यापासून सावध राहा. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असते. जागरण, आजारपण, लठ्ठपणा यांनी उतरते. म्हणून ते सकाळी दहाच्या आत, शक्यतो उपाशीपोटी मोजतात आणि कमी आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून मगच निर्णय घेतात. दुपारी चार वाजता घेतलेल्या एका नमुन्यावरून 'तुमचे कमी आहे' म्हणणे म्हणजे पौषातल्या घोड्याला ज्येष्ठातली मोजपट्टी लावणे.

यातला खरा धोका पुढे आहे. आकडा कमी दिसला की इंजेक्शन सुचवले जाते. काही जिममध्ये तर आकडाही लागत नाही, दंड फुगवायला थेट सुई टोचतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मुकादमाला वाटते, माल भरपूर आहे. तो एलएच आणि एफएसएच दोन्ही बंद करतो. कारखाना थंडावतो, वृषणे लहान होतात, शुक्राणू घटत घटत शून्यावर येऊ शकतात. हे इतके पक्के आहे की जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात दर आठवड्याच्या टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनाचा पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून अभ्यास केला होता. शर्यतीच्या घोड्यांतही स्टेरॉइडचा हाच परिणाम पशुवैद्यकांना माहीत आहे. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्याला सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षे जातात. मूल हवे असलेल्या पुरुषाने 'ताकदीचे' इंजेक्शन घेणे म्हणजे पेरणीच्या दिवशी विहिरीची मोटार काढून ठेवणे. तुम्ही असे इंजेक्शन घेतले असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आमचे काम रागावण्याचे नाही.

सुरुवात पाळण्यापासून

घोड्याच्या शिंगराचे अंड उतरले का, हे घोडेवाला पाहतोच. तान्ह्या बाळाचे कोण पाहते? पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांत साधारण तीन-चार जणांचे एक किंवा दोन्ही वृषण जन्माच्या वेळी खाली आलेले नसते. वेळेआधी जन्मलेल्यांत हे प्रमाण बरेच जास्त असते. त्यांतल्या बऱ्याच जणांचे पहिल्या सहा महिन्यांत आपोआप उतरते. सहा महिन्यांनंतर वाट पाहण्यात अर्थ नाही. छोटी शस्त्रक्रिया करून ते खाली आणून बसवतात, आणि ती वयाच्या साधारण दीड वर्षाच्या आत व्हावी. उशीर झाला तर शुक्राणूंचे खाते उष्णतेने खराब होत जाते आणि मोठेपणी त्या वृषणात कर्करोग होण्याचा धोकाही वाढतो.

माझ्याकडे आठवी-नववीतली मुले येतात, वेगळ्याच कारणासाठी. तपासताना कळते की एका बाजूची पिशवी रिकामी आहे. आई म्हणते, "लहानपणी सासूबाई म्हणाल्या, मोठा झाल्यावर उतरंल." राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत मुलांची तपासणी करतात. मुलाची चड्डी काढून तपासायला कोणी लाजू नये, आणि आईबापांनीही नाही म्हणू नये. आंघोळ घालताना, बाळ कोमट पाण्यात निवांत असताना, आईने किंवा आजीने पाहिले तरी कळते. शंका वाटली तर लसीकरणाच्या दिवशी डॉक्टरांना विचारा.

तीन मागण्या

सरकारी नोकरीत तीस वर्षांच्या आसपास गेल्यावर मोठ्या घोषणांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. म्हणून मागतो त्या गोष्टी लहान आहेत.

एक, वंध्यत्वासाठी केसपेपर जोडप्याच्या नावाने निघावा, एकट्या बाईच्या नावाने नाही. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा रकाना भरल्याशिवाय बाईची दुर्बीण तपासणी, नळ्यांची तपासणी सुचवली जाऊ नये. दुसरी, जिल्ह्याच्या ठिकाणी वीर्यतपासणी रोज आणि नीट व्हावी. नमुना देण्यासाठी आतून कडी लागणारी, स्वच्छ खोली असावी. ऐकायला किरकोळ वाटेल, पण बरेच पुरुष तेवढ्या एका संकोचापोटी परत जातात. तिसरी, परभणीसारख्या ठिकाणी वैद्यकीय आणि पशुवैद्यकीय दोन्ही महाविद्यालये आहेत. संप्रेरकांच्या मोजणीचे यंत्र, त्याची देखभाल आणि प्रशिक्षित माणूस यांत दोघांनी सहकार्य केले तर शेतकऱ्याचा घोडाही इथेच तपासला जाईल आणि त्याचा मुलगाही.

त्या शेतकऱ्याला मी शेवटी एवढेच म्हणालो, "दादा, तुम्ही घोडा घेताना फसलात, कारण बाहेरून सगळं नीट दिसत होतं. घोड्याचं रक्त तपासल्यावर खरं कळलं. तेवढाच न्याय सुनेला द्या." ते काही बोलले नाहीत. मोबाइल खिशात घातला आणि गेले.

घोड्याची शस्त्रक्रिया झाली. आता तो शांत आहे असे ऐकतो. महिन्याभराने, एका सोमवारी, त्यांचा मुलगा ओपीडीच्या शेवटी आला. बाहेरचा बाक रिकामा होईपर्यंत तो दाराशी थांबला होता. सोबत बायको होती, ती जाडजूड फाइल घेऊन. मी एका कागदावर त्याच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली आणि तो कागद त्याच फाइलमध्ये सर्वांत वर लावायला सांगितला. पुढे अहवाल काय आला, ते त्या दोघांचे आहे, इथे सांगायचे नाही. मात्र फाइलवर आतापर्यंत तिचे एकटीचे नाव होते. त्या दिवशी तिने टेबलावरचे पेन मागून घेतले आणि खाली त्याचेही नाव लिहिले.